चोवीस मोटारी आणि एक न केलेली बेरीज

बारामतीच्या एसटी स्टँडमागच्या एका लहानशा क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवते. नव्या मुलांना हॅस्केल नावाची भाषा शिकवायला घेतली की पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहायचे, ‘ही भाषा आळशी आहे.’ वर्ग हसायचा. मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी म्हणायचं, मॅडम, मग आम्हाला जमेल. मीही हसायचे आणि भाकरीचं उदाहरण द्यायचे. आमच्या घरी भाकरी कधी टाकतात? माणूस हातपाय धुऊन जेवायला बसला की. आधी टाकून ठेवली तर वाळते, कुणी आलंच नाही तर वाया जाते. ही भाषाही तशीच. तिला बेरीज सांगितली तरी ती लगेच करत नाही. ‘ही बेरीज करायची आहे’ एवढी चिठ्ठी लिहून ठेवते आणि उत्तर कुणी मागितलं की मगच करायला घेते. कुणी मागितलंच नाही तर तेवढे कष्ट वाचले.

हे सगळं मी अशा तोऱ्यात सांगायचे, की जणू ती भाषा मीच जन्माला घातली. आता तोच धडा आला की तो तोरा राहत नाही. भाकरीचं उदाहरण अर्ध्यावर सोडून मी फळा पुसायला लागते. मुलं म्हणत असतील, बाईंना काय झालं.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नरसिंहपूरला असतात. नीरा जिथं भीमेला मिळते, त्याच्या थोडं अलीकडं आमचं रान आहे, नदीपासून हाकेच्या अंतरावर. दोन एकर ऊस आणि बांधावर पेरूची चार झाडं. मी लहान असेपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. मग दोघा भावांनी शेती धरली आणि नदीवर पाण्याची मोटार बसवली. ती मोटार न्यायला वडील, आबा आणि मी असे तिघं बारामतीला आलो होतो. मी तिसरीत असेन. परत जाताना एसटीच्या मधल्या वाटेत मोटार ठेवलेली आणि मी तिच्यावर बसलेली, कंडक्टर ओरडतोय आणि वडील त्याला हसून काहीतरी सांगतायत, एवढं लख्ख आठवतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मोटार तीनदा जळली, आबांनी तीनदा वायंडिंग भरून आणली, पण बदलली नाही. ‘दोघांचा हात हाय तिच्यावर,’ म्हणायचे. त्या मोटारीवर त्यांचा ऊस होता, आणि माझ्या मते त्यांचा भाऊही होता.

आमच्याकडं नदीच्या काठाला अशा मोटारींची रांगच असते. उन्हाळ्यात पाणी खाली सरकतं तशी मोटार खाली न्यायची, पावसाळ्यात वर घ्यायची. वरच्या धरणातून पाणी सोडलं की एका दुपारीत नदी काठ सोडते. त्या वेळी ज्याची मोटार खाली राहिली त्याची ती गेली. मग काठाला एकच गडबड उडते, दोर, ट्रॅक्टर, माणसं. एक मोटार वर घ्यायला तीन-चार जण लागतात आणि सगळ्यांना एकाच वेळी सगळे हवे असतात.

आबा त्या गडबडीत कधी नसायचे. ते रोज संध्याकाळी पाण्याच्या कडेला बाभळीची एक काठी रोवायचे. सकाळी काठी पाण्यात गेलेली दिसली की मोटार वर. घाटात पाऊस लागलाय असं नुसतं कुणाच्या तोंडून ऐकलं तरी मोटार वर. मग आठ दिवस नदी जागची हलायची नाही, ऊस माना टाकायचा, आणि आबा पुन्हा दोघा-तिघांची मनधरणी करून मोटार खाली सोडायचे. एका पावसाळ्यात असं चार-पाच वेळा व्हायचं. काकी कावायची. ‘ह्यांचा निम्मा पावसाळा मोटार वर-खाली करन्यात जातोय,’ म्हणायची.

मी काकीची री ओढली. नुसती ओढली नाही, तर आबांना समोर बसवून वर्गातला धडाच दिला. म्हटलं, आबा, काम लागेल तेव्हाच करावं. आधीच करून ठेवलेलं निम्मं फुकट जातं.

आबा म्हणाले, ‘पानी काय सांगून येत न्हाय, पोरी.’

‘आता सांगून येईल,’ मी म्हणाले. ‘मी सांगीन.’

माझ्या वर्गातल्या पाच-सहा जणांना हाताशी धरून, रीतसर विचारून-बिचारून, आम्ही निरवांगीजवळच्या बंधाऱ्यावर एक लहान यंत्र बसवलं. पाणी किती उंच आहे हे ते दर सेकंदाला मोजायचं आणि आमच्या स्टाफरूममधल्या माझ्या जुन्या लॅपटॉपला कळवायचं. निरवांगी नदीच्या वरच्या अंगाला आहे. तिथं चढलेलं पाणी नरसिंहपूरला यायला काही तास जातात. मोटार काढायला तेवढे तास पुष्कळ झाले. अडचण एवढीच होती, की बंधाऱ्याच्या फळ्या कधी घातलेल्या असतात, कधी काढलेल्या, त्यामुळं पाणी उगाचच वर-खाली होतं. म्हणून माझ्या त्याच आळशी भाषेत प्रोग्राम लिहिताना मी ठरवलं, की आलेल्या सगळ्या आकड्यांची सरासरी धरायची. पाणी एका खुणेच्या वर चढलं, तर आणि तरच ती सरासरी काढायची आणि फरक बघायचा. फरक मोठा असला की नरसिंहपूरच्या काठावरच्या चोवीस जणांना मेसेज जाणार, ‘नीरेला पाणी वाढतंय. मोटार काढा. काढल्यावर मिस्ड कॉल द्या.’ लॅपटॉपला जोडलेल्या सिमच्या नंबरवर मिस्ड कॉल आला की यादीतलं लाल नाव हिरवं होणार. आला नाही तर दर पंधरा मिनिटांनी पुन्हा मेसेज.

मिस्ड कॉल ही आमच्या घरातली जुनी सोय. बारामतीला पोचले की आबांना मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे पोचले, ठीक आहे, काळजी नको. तो उचलायचा नसतो. कुणी उचललाच तर समोरचा घाबरून विचारतो, की काय झालं म्हणून. काठावरच्या माणसांनाही ही सोय चटकन पटली.

तपासणी आम्ही बादलीनं केली. यंत्राच्या खाली पाण्याची बादली हळूहळू उचलत नेली आणि मिनिटाच्या आत चोवीस फोन वाजले. आबांची मोटार तेव्हा अंगणात होती, तरी त्यांनी मिस्ड कॉल दिला. गावात दोन दिवस माझाच विषय होता. आबा पारावर बसून लोकांना सांगायचे, ‘आमची पुतनी बारामतीत बसून नदी बघती.’

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दोनदा पाणी सोडलं, दोन्ही वेळा मेसेज आधी गेला आणि पाणी मागाहून आलं. त्या वर्षी मी दर दोन-चार दिवसांनी प्रोग्राममध्ये काहीतरी उकरून बदलायचे, तो बंद करून पुन्हा चालू करायचे. त्यामुळंच तो चालत होता, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्या वर्षी मी त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. उलट लाइट गेली तर आकडे जायला नकोत म्हणून सगळे आकडे एका फाइलमध्ये जपून ठेवायची सोय केली, म्हणजे प्रोग्राम पुन्हा चालू झाला की ते पहिल्यापासून वाचून घेईल. फार शहाणपणाचं काम केलं असं वाटलं होतं.

आबांनी काठी रोवणं सोडलं. ते त्यांनी आपणहून सोडलं नाही, मी सोडायला लावलं. जूनमध्ये गेले होते तेव्हा ते संध्याकाळी काठी घेऊन निघाले, तर मी ती हातातून काढून घेतली आणि म्हणाले, आबा, आता ही चुलीत घाला. काकी खुशीत हसली. आबाही हसले, आणि त्यांनी ती काठी खरंच चुलीशेजारी नेऊन टाकली.

ऑगस्टमधली दुपार होती. मी वर्ग संपवून स्टाफरूममध्ये आले, तर शेजारच्या टेबलावरच्या मॅडम फोनमध्ये बघत म्हणाल्या, ‘नीरेला पाणी सोडलंय म्हणे सकाळीच. तुमच्या गावाकडं बघा हो.’ मी हसून म्हणाले, माझा लॅपटॉप बघतोय की. आणि लॅपटॉपकडं वळले.

पडदा जागचा हलत नव्हता. बाण हलत नव्हता. पंखा असा घोंगावत होता की टेबल थरथरत होतं. कोपऱ्यात मेमरी किती भरली हे दाखवणारी एक पट्टी मी ठेवली होती, ती टोकाला जाऊन चिकटलेली. यादी लाल नव्हती, हिरवी नव्हती. मेसेज गेलेलाच नसला की नावं करडी असतात, गेल्या महिन्यात होती तशीच करडी. म्हणजे निरवांगीला पाणी चढलं होतं, प्रोग्रामनं सरासरी मागितली होती, आणि ती बेरीज करता करताच त्याचा जीव गेला होता.

त्या क्षणी मला सगळं समजलं, आणि समजून काडीचाही उपयोग नव्हता. दोन महिने दर सेकंदाला एक आकडा येत होता. मला वाटत होतं की प्रत्येक आकडा आधीच्या बेरजेत मिसळला जातोय आणि हाताशी एकच रक्कम राहतेय. तसं काही होत नव्हतं. सरासरी कुणी मागितलीच नव्हती, म्हणून बेरीजही झाली नव्हती. ‘मागच्या उत्तरात हा आकडा मिळवायचा आहे’ अशी चिठ्ठी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, असा दोन महिन्यांचा ढीग त्या जुन्या लॅपटॉपच्या पोटात साठला होता. न केलेल्या कामालाही जागा लागते. शेवटची चिठ्ठी सोडवायची तर तिच्या खालची आधी सोडवावी लागते, तिच्यासाठी तिच्या खालची, असं करत पार जूनमधल्या पहिल्या आकड्यापर्यंत उतरायचं आणि मग एकेक उत्तर घेऊन वर यायचं. तेवढं उतरायलाच मेमरी पुरली नाही. बादलीनं तपासलं तेव्हा शंभरेक चिठ्ठ्या होत्या, त्या चुटकीसरशी सुटल्या. मी शिकवते हे मुलांना. फळ्यावर लाल खडूनं लिहून शिकवते, की नवशिके इथं फसतात.

मी आबांना फोन लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. ते रानात गेले की सदरा बाभळीला अडकवतात आणि फोन सदऱ्याच्या खिशात राहतो. पाणी प्यायला आले की खिशातून काढून बघतात. काकीला लावला तर ती इंदापूरला बाजारात, तिथल्या गोंगाटात तिला माझं बोलणंच कळेना. ‘घरी गेल्यावर करती गं,’ म्हणून तिनं ठेवून दिला. बाकी कुणाचा नंबर माझ्या फोनमध्ये नव्हता. काठावरचे बाकी तेवीस नंबर त्या बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये होते. स्वतः जावं म्हटलं तर एसटीनं इंदापूर, तिथून दुसरी गाडी, म्हणजे पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं.

लॅपटॉप बटण दाबून बंद केला. तो पुन्हा चालू व्हायला पंधरा मिनिटं घेतो, तेवढा वेळ मी त्याच्यासमोर हात चोळत उभी राहिले. आणि तो चालू झाल्यावर मी काय करायला हवं होतं? नंबरांची फाइल उघडायची आणि तेवीस जणांना सरळ फोन करायचे. कुणालाही सांगितलं असतं की आबांना हाक मारा, तर दहा मिनिटांत काम झालं असतं. एखाद्या अडाणी माणसानंही तेच केलं असतं. मी प्रोग्राम पुन्हा चालू केला. आता चालेल, म्हटलं. तो चालू झाला, जपून ठेवलेली फाइल पहिल्यापासून वाचायला लागला, पुन्हा तोच चिठ्ठ्यांचा ढीग रचला, आणि निरवांगीहून पहिला ताजा आकडा आल्याबरोबर पुन्हा तिथंच मेला. मी पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. शेजारच्या मॅडमनी पाणी आणून दिलं, तर मी त्यांच्यावरच खेकसले.

दोन तास गेले. शेवटी मी त्या फाइलमधले कालपर्यंतचे सगळे आकडे पुसून टाकले, फक्त आजचे ठेवले, आणि प्रोग्राम असा सुटला की जसं काही झालंच नव्हतं. चोवीस नावं एकदम लाल झाली. मेसेज गेले.

मग मी बसून बघत राहिले. पाचएक मिनिटांत एक नाव हिरवं झालं. मग तीन. मग भराभर. लोकांनी आधीच काढल्या होत्या की काय, इतक्या भराभर. तेवीस हिरवी झाली आणि आबांचं एकटं लाल राहिलं. पंधरा मिनिटांनी त्यांना दुसरा मेसेज गेला. तिसरा गेला. मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. चौथ्या मेसेजनंतर आबांचा मिस्ड कॉल आला आणि यादी पूर्ण हिरवी झाली. मी तोंडावर पदर घेऊन ढसाढसा रडले, मग मॅडमची माफी मागितली आणि दोघींनी चहा घेतला. आबांना फोन नाही केला. मिस्ड कॉल आला होता ना. तो आला म्हणजे ठीक असतं.

रविवारी मी नरसिंहपूरला गेले. जाताना पेढेही घेतले होते, सांगायला लाज वाटते.

काकी दारातच होती. तिनं पिशवी घेतली नाही. आत आबा भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांच्या दोन्ही तळहातांना पांढरी फडकी बांधली होती. मी विचारलं काय झालं, तर आबा म्हणाले, ‘काय न्हाय गं, दोर घासला.’

‘दोर व्हय?’ काकी म्हणाली. ‘केबल धरून बसलं व्हतं. मोटार वाहून चालली आनि ह्ये केबल सोडंनात. चौघांनी मागं वढलं तवा सुटलं. समदी सालटी गेली हाताची.’

मी म्हणाले, पण काढली म्हणून मिस्ड कॉल आला होता.

मग काकीनंच सगळं सांगितलं, चुलीपुढं बसून, माझ्याकडं पाठ करून. दुपारी देवळाच्या स्पीकरवरून पुकारलं होतं, की नदीकाठच्यांनी मोटारी काढून घ्या. सगळे धावले. आबांच्या रानाशेजारचे दोघं त्यांना हाक मारायला आले, दोर घेऊन आले होते. आबांनी बाभळीवरच्या सदऱ्यातून फोन काढून बघितला आणि त्यांना सांगितलं, ‘आजून आमच्या पुतनीचा मेसेज न्हाय आला. तवर येळ हाय. तुमी तुमच्या काढा आधी.’ ते म्हणाले, आबा, स्पीकरवर सांगितलंय. आबा म्हणाले, ‘स्पीकरवाल्याला काय कळतंय? ती बारामतीत बसून बघती.’ ते दोघं दुसऱ्याच्या मोटारीला गेले.

‘आनि तुझं दोन मिस कॉल व्हतं फोनात,’ आबा मधेच म्हणाले. ‘म्या म्हनलं, पोरगी सांगती हाय, समदं ठीक हाय म्हनून.’

हे ते मला दोष द्यायला म्हणाले नाहीत. उलट, आपण उगाच थांबलो नव्हतो, आपल्याकडं कारण होतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी त्यांच्या पायाशी बसले होते, तिथंच बसून राहिले. मी जिवाच्या आकांतानं लावलेले ते दोन फोन. आमच्याच घरच्या रीतीनं त्यांचा अर्थ झाला होता, काळजी नको.

मी विचारलं, ‘आबा, मग मिस्ड कॉल का दिलात?’

आबांनी फडकी बांधलेला हात मांडीवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. म्हणाले, ‘काठावर समद्यांच्या फोनवर मेसेज आला, तवा पानी पार पायवाटंला लागलं व्हतं. लोकं हसाय लागली. म्हनली, बघा, आला बारामतीचा निरोप. माझ्या फोनावर तर पुन्यांदा, पुन्यांदा येतोय. म्या म्हनलं, मोटार तर गेलीच, आता माझ्या एकट्यापायी तुझी यादी आडायला नको. त्या बाजूच्या पोरीला म्हनलं, दे गं मिस कॉल, माझी बोटं चालत न्हाईत.’

पेढे मी पिशवीतच परत आणले.

प्रोग्राममधली चूक दुरुस्त करायला मला पाच मिनिटं लागली. काम साधं होतं. आकडा आला, की तो त्याच क्षणी बेरजेत मिळवून टाकायचा आणि विसरून जायचा. चिठ्ठी लिहून ठेवायची नाही. भाषेला तसं बजावून सांगता येतं, ओळीत एक खूण वाढवली की झालं. ती खूण घालताना मला आठवलं की हे मी लहानपणी रोज बघितलंय. संध्याकाळी मेंढरं वाड्यात घेताना आबा दाराच्या आडव्या काठीपाशी उभे राहायचे आणि एकेक मेंढरू आत गेलं की ओठ हलवायचे. किती आली, कुठली आली, याचा ढीग मनात नाही. एकच आकडा, तो मेंढरामागं एकानं पुढं सरकायचा. सगळी आत गेली की आकडा तयार. ‘सगळी आल्यावर मोजू’ असं ते कधीच करायचे नाहीत. त्या माणसाला मी आळस शिकवला.

दुरुस्त केलेला प्रोग्राम मी जुन्या आकड्यांवर चालवून बघितला. पुसण्याआधीच्या फाइलची एक प्रत क्लासमध्ये दुसरीकडं शिल्लक होती. दोन महिन्यांचे आकडे त्यानं क्षणात पार केले, मेमरीची पट्टी जागची हलली नाही, आणि त्यानं सांगितलं की इशारा सकाळीच जायला हवा होता. आबांच्या हातात सगळी सकाळ आणि अर्धी दुपार उरली असती. मी ते उत्तर पुन्हा पुन्हा काढलं. दर वेळी तेच आलं.

नवी मोटार घेऊन देते म्हणाले, तर आबांनी विषयच टाळला. ऊस शेजाऱ्याच्या पाण्यावर चालू आहे, तेवढं पुरे म्हणाले. मी म्हणाले, काठी पुन्हा रोवत जा. त्यावर म्हणाले, ‘आता कशासाठी?’

सप्टेंबरात धरणातून पुन्हा पाणी सोडलं. मी वर्गात होते. बातमी कळताच तास अर्ध्यावर टाकून स्टाफरूममध्ये पळत गेले, तर यादी नुकतीच लाल झाली होती. मेसेज वेळेवर गेले होते, पाणी अजून निरवांगीलाच होतं. त्या यादीत आबांचं नाव मी तसंच ठेवलं होतं. ज्याची मोटार गेली त्या माणसाला मोटार काढ म्हणून मेसेज पाठवू नये, एवढं मला कळतं. पण ते नाव पुसायला कितीदा बसले आणि कितीदा उठले, सांगता येणार नाही.

मी खुर्चीत बसले. चोवीस नावं लाल होती. मिनिटही झालं नसेल, तोच एक मिस्ड कॉल आला आणि पहिलं नाव हिरवं झालं. ते आबांचं होतं. बाकीचे तेवीस जण तेव्हा अजून घरातून निघालेही नसतील.